करवंदीचे जिवंत कुंपण : एकदा लावा, जन्मभर राखण



दर वर्षी शेताला कुंपण घालायची वेळ आली की आपण काय करतो? कोयता घेतो, डोंगर चढतो आणि करवंदीच्या जाळ्या तोडतो. काट्यांचे भारे बांधून खाली आणतो, मेढी रोवतो आणि बांधावर काटी रचतो. कोकणात हिला वई म्हणतात, घाटावर काटेरी कुंपण म्हणतात. नाव कोणतेही असो, काम तेच. चार-सहा दिवस घरातली दोन-तीन माणसे त्यात अडकतात. हाताला, पायाला काटे मोडतात ते वेगळेच.

एवढे करून ते कुंपण टिकते किती? एक पावसाळा. पुढच्या वर्षी मेढीला वाळवी लागते, काटी कुजते, कुठेतरी भगदाड पडते आणि नेमकी त्याच भगदाडातून गावातली गुरे आत येतात. कुंपणच शेत खाते अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे वाळवी कुंपण खाते आणि मग गुरे शेत खातात. आपण पुन्हा कोयता घेऊन डोंगर चढतो.

आता जरा विचार करा. ज्या करवंदीला आपण तोडून, वाळवून, मेलेली बांधावर आणून टाकतो, तीच जिवंत बांधावर लावली तर? काटे तेच, राखण तीच. शिवाय ती कुजत नाही, तिला वाळवी खात नाही आणि उन्हाळ्यात फळ देते. या पत्रकात आपण हेच पाहणार आहोत.

करवंदीची ओळख

करवंद ठाऊक नाही असा शेतकरी सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना सापडायचा नाही. तरी लागवड करायची म्हणजे झाडाचे गुण नीट समजून घेतलेले बरे.

करवंद हे सदाहरित झुडूप आहे. म्हणजे उन्हाळ्यातही त्याची पाने एकदम झडून जात नाहीत. कुंपणासाठी हा गुण फार मोलाचा, कारण बारा महिने आडोसा राहतो. पाने समोरासमोर जोडीने येतात. ती जाड, चामड्यासारखी असतात आणि वरून गर्द हिरवी, चकचकीत दिसतात. अशा पानांतून पाणी कमी उडते, म्हणून हे झुडूप खडकाळ माळावर पाण्याशिवाय तग धरते.

फांदीवर एक-दोन इंचांचे टणक, टोकदार काटे जोडीने येतात. काही काट्यांना पुढे दोन फाटे असतात. फांद्या एकमेकींत अशा गुंततात की त्यांची जाळी तयार होते. म्हणून तर आपण करवंदीचे झाड न म्हणता करवंदीची जाळी म्हणतो. अशा जाळीत शेळीसुद्धा तोंड घालताना विचार करते.

साधारण जानेवारीपासून मार्चपर्यंत फांद्यांच्या टोकांना पांढऱ्या, सुवासिक फुलांचे घोस येतात. फळ आधी हिरवे, मग लालसर आणि पिकल्यावर काळे-जांभळे होते. एप्रिल ते जून हा फळाचा हंगाम. पान किंवा कच्चे फळ तोडले की पांढरा चीक येतो. कण्हेर आणि चाफा ज्या कुळातले, त्याच कुळातली ही करवंद. शास्त्रीय नाव कॅरिसा कॅरंडास.

जमीन आणि हवामान

हलकी, मुरमाड, खडकाळ, उताराची जमीन करवंदीला चालते. कोकणातला धो-धो पाऊस तिला सोसतो आणि घाटावरचा कमी पाऊसही सोसतो. जांभ्या दगडाच्या सड्यावर, जिथे दुसरे काही धरत नाही, तिथे करवंदीची जाळी आपण पाहतोच.

एकच गोष्ट तिला सोसत नाही, ती म्हणजे मुळाशी साचलेले पाणी. म्हणून भातखाचराच्या ज्या बांधाला पावसाळाभर पाणी लागून असते, तिथे करवंद लावू नका. वरकस जमीन, आंबा-काजूची बाग, घराभोवतीचे परसू, विहिरीची कड, माळाला लागून असलेले शेत, अशा जागा निवडा.

बियाण्याची खरी गोम

पुष्कळ शेतकरी म्हणतात, "आम्ही बी लावून पाहिलं, पण उगवलंच नाही. करवंद रानातच येते, लावून येत नाही."

बंधूंनो, यात झाडाचा दोष नाही. चूक आपल्या सवयीची आहे. ज्वारीचे किंवा भाताचे बी आपण वाळवून, कणगीत ठेवून पुढच्या वर्षी पेरतो. करवंदीचे बी तसे ठेवून चालत नाही. फळातून काढल्यावर त्याची उगवणशक्ती लवकर कमी होते. मे महिन्यात काढलेले बी डब्यात भरून पुढच्या मृगाला पेराल तर फसवणूक होणारच. बी काढले की त्याच आठवड्यात पेरायचे, ही या लागवडीतली मुख्य गोष्ट. बाकी सारे त्यामानाने सोपे.

बी धरण्यासाठी पुढीलप्रमाणे करा :

१. फळे लागली असतानाच डोंगरावरच्या चांगल्या जाळ्या हेरून ठेवा. जी बुडापासून दाट आहे, जिला फळ मोठे, गराचे आणि गोड येते, तिला चिंधी बांधून खूण करा.

२. पूर्ण पिकलेली, काळी झालेली फळे घ्या. गर चोळून काढा. वाळू किंवा राख लावून पाण्यात चोळले की बी लवकर मोकळे होते.

३. पाण्यावर तरंगणारे पोकळ बी फेकून द्या. तळाला बसलेले बी सावलीत एक दिवस सुकवा. उन्हात वाळवू नका.

४. दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण भोके पाडलेल्या पिशव्यांत भरा. प्रत्येक पिशवीत एक-दोन बिया अर्धा इंच खोल लावा.

५. पिशव्यांवर झापाची किंवा गवताची विरळ सावली करा. झारीने बेताचे पाणी द्या. माती ओलसर राहावी, चिखल होऊ नये. साधारण तीन-चार आठवड्यांत बी उगवून येते.

करवंदीची रोपे सुरुवातीला सावकाश वाढतात. त्यांना वर्षभर पिशवीतच सांभाळा आणि पुढच्या वर्षीच्या पावसात शेतावर न्या. एक पावसाळा थांबावे लागते, त्याला इलाज नाही. घाईने बोटभर रोप बांधावर लावले तर गवतात हरवते नाहीतर शेळीच्या पोटात जाते.

हिशोब किती रोपांचा?

चौकोनी एक एकर शेत धरा. त्याची एक बाजू सुमारे २०९ फूट येते, म्हणजे चारी बाजू मिळून सुमारे ८३५ फूट. तीन फुटांवर एक रोप लावले तर एका ओळीला साधारण २८० रोपे लागतील. मर-तूट धरून ४०० पिशव्या भरा.

एका फळात दोन-चार बिया निघतात. म्हणजे ४०० पिशव्यांचे बी किलोभर करवंदांत पुरून उरते. आपली पोरे एका दुपारी जेवढी करवंदे खाऊन बिया थुंकून टाकतात, तेवढ्यात एकराचे कुंपण उभे राहते! पिशव्या, खत आणि अंगमेहनत एवढाच काय तो खर्च.

दर वर्षी मेलेल्या कुंपणावर तुमचे किती मनुष्यदिवस जातात, मेढींना किती पैसे पडतात, हे एकदा वहीत मांडा आणि त्याला दहाने गुणा. आकडा पाहिल्यावर आणखी काही सांगायला नको.

आधी हद्द, मग कुंपण

खड्डे खणण्यापूर्वी एक गोष्ट करा. बांधाची हद्द पक्की करून घ्या. शेजाऱ्याला बोलवा, दोघांनी मिळून खुणा पाहा. वाद असेल तर सरकारी मोजणी करून घ्या. मेलेले कुंपण उचलून दोन हात मागे घेता येते, जिवंत कुंपण उचलता येत नाही. करवंदीची जाळी वाढली की पाच-सहा फूट रुंदी सहज व्यापते. म्हणून ओळ हद्दीवर न धरता आपल्या बाजूला तीन फूट आत धरा. तीन फूट जमीन गेली असे वाटेल, पण शेजारधर्म राहील आणि कोर्टाची पायरी वाचेल.

लागवड

उन्हाळ्यात ओळीने दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर खणा. सलग चर जमत नसेल तर तीन-तीन फुटांवर तेवढेच खड्डे घ्या. ऊन खाऊ द्या. पावसाच्या तोंडावर वरची चांगली माती, पालापाचोळा आणि खड्ड्याला घमेलेभर शेणखत घालून भरून घ्या.

मृगाचा पाऊस स्थिरावला की रोपे लावा. पिशवी फाडून काढा, मुळाभोवतीची माती फुटू देऊ नका. रोप लावल्यावर बुंध्याची माती पायाने हलके दाबा. पावसाचे पाणी बुंध्याशी साचणार नाही एवढी माती उंच करा.

जिथे गुरांचा वावर फार आहे तिथे दोन ओळी करा. दोन ओळींत तीन फूट अंतर ठेवा आणि दुसऱ्या ओळीतले रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध येईल असे लावा. अशा लागवडीला रोपे दुप्पट लागतात, पण जाळी भक्कम होते.

गाडीवाट आणि पायवाट सुरुवातीलाच सोडून ठेवा. तिथे पुढे बेडे किंवा फाटक बसवता येईल.

पहिली तीन वर्षे डोळ्यांत तेल घाला

कोवळ्या रोपाचे काटे मऊ असतात. ते शेळी खुशाल खाते. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे बाहेरच्या बाजूने नेहमीचे काट्यांचे कुंपण ठेवावेच लागेल. मेलेल्या कुंपणाच्या आडोशाने जिवंत कुंपण वाढवायचे. हे न केल्यामुळेच पुष्कळांची लागवड फुकट जाते.

पहिल्या उन्हाळ्यात घाटावरच्या भागात आठ-दहा दिवसांनी रोपाला तांब्या-दोन तांबे पाणी घाला. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करा. कोकणात दिवाळीनंतर ओळीतले गवत कापून काढा, कारण वणवा लागला तर रोपे गवताबरोबर जळतात. रोप मेले असेल तिथे पुढच्या पावसात नांगे भरा. जादा पिशव्या त्यासाठीच भरायला सांगितल्या आहेत.

छाटणी : इथे हात आखडू नका

करवंद सरळ वर वाढू दिली तर बुडाशी पोकळ राहते आणि त्या पोकळीतून वासरू, शेळी, डुक्कर आत शिरते. म्हणून लागवडीनंतर दुसऱ्या पावसाळ्यात रोप जमिनीपासून फूटभर उंचीवर छाटा. जीव हळहळेल, पण छाटल्यावर बुडातून चार-पाच धुमारे फुटतात आणि जाळी खालपासून भरते. पुढच्या वर्षी दोन-अडीच फुटांवर छाटा. चार ते पाच फूट उंचीचे दाट कुंपण झाले की पुरे.

छाटणी केव्हा करायची हेही लक्षात ठेवा. करवंदीला फूल नव्या फांदीच्या टोकाला येते. फळे संपली की जूनअखेर किंवा जुलैत छाटा, म्हणजे पावसाळ्यात नवी फूट येईल आणि तिच्यावर पुढच्या हंगामात फूल धरेल. दिवाळीनंतर छाटाल तर फुलाची टोकेच कापून टाकाल.

फळही हवे आणि राखणही हवी असेल तर सोपी युक्ती करा. बाहेरची बाजू दर वर्षी सरळ, दाट छाटा, ती राखणीची. आतली बाजू मोकळी वाढू द्या, ती फळाची. छाटलेल्या काट्या वाटेवर टाकू नका. अनवाणी पाय आणि ट्रॅक्टरचे टायर या दोघांचेही ते वैरी. त्या गोळा करून जिथे कुंपण विरळ असेल तिथे खोचा.

फळ आणि त्याची विक्री

लागवडीनंतर साधारण तिसऱ्या वर्षापासून थोडे थोडे फळ लागते. चांगल्या वाढलेल्या झुडपापासून तीन ते पाच किलो फळ मिळते. कुंपणासाठी कडक छाटलेल्या झुडपाला ते कमी येणार, हे धरून चाला.

पिकलेले करवंद दोन-तीन दिवसच टिकते. ते पोत्यात भरू नका, तळाचे चिरडून रस गळतो. उथळ पाटीत पाने घालून थोडे थोडे भरा. लोणच्यासाठी किंवा मुरांब्यासाठी कच्चे फळ तोडले तर ते आठवडाभर राहते आणि बाजारापर्यंत नीट पोचते. पहिला जोराचा पाऊस पडला की पिकलेले फळ गळते आणि सडते, म्हणून रोहिणी नक्षत्र लागताच तोडणी उरकायला घ्या.

केकवर किंवा विड्याच्या पानात जी लाल चेरी घालतात, ती पुष्कळदा चेरी नसतेच. बिया काढलेले, साखरेच्या पाकात मुरवलेले आणि रंग दिलेले करवंदच असते ते. म्हणजे शहरातले लोक करवंद खातात, फक्त नाव दुसरे घेतात.

घरी लोणचे करायचे तर एक किलो कच्ची करवंदे धुऊन कोरडी करा. चिरून बिया काढा. चीक लागतो, म्हणून हाताला तेल लावा. १५० ते २०० ग्रॅम मीठ चोळून एक दिवस ठेवा. मग मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद, तिखट घाला आणि तापवून गार केलेले तेल वरपर्यंत ओता. करवंद आंबट असते, म्हणून अॅल्युमिनियमचे किंवा बिनकल्हईचे भांडे वापरू नका. चिनी मातीची किंवा काचेची बरणी घ्या. कच्च्या करवंदात पेक्टिन भरपूर असते, त्यामुळे जेलीही छान घट्ट होते. बचतगटाच्या भगिनींनी असे पदार्थ विकायचे ठरवले तर अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी जरूर घ्यावी.

करवंदात लोह आणि थोडे क जीवनसत्त्व असते. पोरांनी, बायामाणसांनी हंगामात ती आवडीने खावी. मात्र रक्त कमी असलेल्या गरोदर बाईने दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या बंद करून करवंदांवर भिस्त ठेवू नये. फळ हे फळ आहे, औषध नाही.

ज्यांना कुंपणापेक्षा फळासाठीच लागवड करायची आहे त्यांनी सुधारित जातीची रोपे आणावी. दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाने मोठ्या फळाची 'कोकण बोल्ड' ही जात काढली आहे. उत्तरेकडे पंतनगरच्या कृषी विद्यापीठाच्या 'पंत मनोहर', 'पंत सुदर्शन' आणि 'पंत सुवर्णा' या जाती आहेत. बियांपासून केलेल्या रोपांत आईचे सगळे गुण उतरतील अशी खात्री नसते, म्हणून जातिवंत झाड हवे असेल तर गुटीचे रोप घ्या. फळबागेला झुडपांत सहा ते दहा फूट अंतर ठेवा. कुंपणाला मात्र आपल्या डोंगरचे बी उत्तम.

खोटी आशा नको

हे कुंपण गुरे, शेळ्या आणि वाटेवरची माणसे अडवते. माकडांना ते अडवत नाही. रानडुक्कर बुडाची पोकळी शोधून घुसते, म्हणून खालची जाळी दाट नसेल तर त्याच्यापुढे इलाज चालणार नाही. कुंपण पक्के व्हायला चार-पाच वर्षे लागतात. आज लावले आणि उद्या निश्चिंत झालो असे नाही. म्हणूनच एकदम सगळ्या शेताला हात घालू नका. ज्या बाजूने गुरे येतात ती एक बाजू या वर्षी करा, दुसरी पुढच्या वर्षी. चार वर्षांत चारी बाजूंची लागवड पुरी होईल.

डोंगराचेही देणे आहे

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली. एप्रिल-मे महिन्यात घाटाच्या वळणावर, एस.टी. स्टँडवर द्रोणात करवंदे घेऊन बसलेल्या कातकरी, ठाकर, महादेव कोळी बाया आपण पाहतो. डोंगरची ही काळी मैना विकून त्यांच्या घरी मीठ-मिरचीचे पैसे येतात. आपण कुंपणासाठी जी जाळी बुडातून तोडून आणतो, ती त्या बाईच्या हंगामाची जाळी असते. शिवाय उतारावरची माती त्याच जाळीने धरून ठेवलेली असते. जाळी गेली की पावसात माती वाहून खाली येते आणि आपलाच ओढा गाळाने भरतो.

बांधावर करवंद लावली तर डोंगरावरची करवंद वाचते. आपला फायदा होतो आणि दुसऱ्याचे नुकसान टळते, अशी कामे शेतीत फार थोडी असतात. हे त्यांतले एक आहे.

वर्षाचे वेळापत्रक, घरात लावून ठेवा

एप्रिल-मे : चांगल्या जाळ्यांना खूण करणे, पिकलेली फळे गोळा करणे, बी काढून त्याच आठवड्यात पिशव्यांत लावणे. मागच्या वर्षीच्या रोपांसाठी चर खणणे.

जून : मृगाच्या पावसावर वर्षाची रोपे बांधावर लावणे.

जूनअखेर-जुलै : फळे संपल्यावर छाटणी, नांगे भरणे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : ओळीतले गवत काढणे, आच्छादन करणे, बाहेरची काटी नीट करणे.

डिसेंबर ते मार्च : वणव्यापासून जपणे, लहान रोपांना पाणी. फुलावर आलेल्या झुडपांना कोयता लावू नये.

तर मंडळी, यंदा करवंदे खाताना बिया थुंकून टाकू नका, फडक्यात गोळा करा. यंदाचे बी पुढच्या पावसाळ्यात बांधावर उभे राहील आणि चार-पाच वर्षांनी कोयता घेऊन डोंगर चढायचे कारण उरणार नाही.

रामराम.